लिपी नव्हती, तर मग हे सगळं कळलं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही शाळेत इतिहास शिकवता. इटलीतल्या पॉम्पेईवरचा एक माहितीपट पाहिलात: भट्टीतले जळून कोळसा झालेले पाव, भिंतींवर खरडलेली नावं, राखेत अडकलेली माणसं. ते पटलं. मग पेरूतल्या कारलवरचा पाहिलात: साडेचार हजार वर्षांपूर्वीचं शहर, लढाया ठाऊक नसलेले लोक, पुरोहितांचं राज्य. तिथं लिपीच नव्हती, तर हे सांगितलं कुणी? 'पॉम्पेई म्हणजे पुरावा आणि पेरू म्हणजे कल्पनाविलास, असं मुलांना सांगितलं तर चुकेल का?' असं तुम्ही विचारलंत. आणि जाता जाता हेही, की पॉम्पेईत सापडलेली लक्ष्मीची मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या तेरची आहे, हे तरी नक्की ना?

असं सांगितलंत तर चुकेल. पण शंका घेणं चूक नाही, ती घेतली पाहिजेच. फक्त ती आख्ख्या पेरूवर न घेता एकेका विधानावर घ्यायला हवी. पॉम्पेईबद्दलची काही विधानं कारलच्या विधानांपेक्षा कितीतरी कच्ची आहेत.

माझ्याबद्दल एवढंच, की उभी हयात दख्खनच्या पठारावर खापरं मोजण्यात गेली. ताम्रपाषाणयुगातली गावं आणि सातवाहनकालीन पेठा, हे माझं काम. पेरूच्या किनाऱ्यावर एक मोसम दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलंय आणि पॉम्पेई पाहुणा म्हणून दोनदा पाहिलंय. त्यामुळे त्या दोन्ही ठिकाणांबद्दल मी घरच्या माणसासारखं बोलू शकत नाही. पण मातीतून वस्तू बाहेर काढताना काय विचारायचं असतं, ते सगळीकडे सारखंच असतं.

पहिला प्रश्न 'ही वस्तू काय आहे' हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, 'ही इथं आली कशी?' आपल्याकडे गावाजवळ पांढर असते. काळी शेतीची, पांढरी वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून झालेलं टेकाड. त्यात जे सापडतं ते बहुतेक लोकांनी टाकून दिलेलं असतं. फुटलेलं मडकं, मोडकी बांगडी, चघळून टाकलेलं हाड. चांगली वस्तू कुणी टाकत नाही. म्हणजे आम्ही माणसांच्या घरात शिरतो ते उकिरड्याच्या वाटेनं. मी नवखा असताना ताम्रपाषाणयुगाच्या थरात काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला म्हणून नाचलो होतो. माझ्या वरिष्ठांनी खुरपीनं बाजूची माती जरा खरवडली आणि दाखवलं: मऊ, भुसभुशीत, वेगळ्या रंगाची गोल नळी वरपर्यंत गेलेली. उंदराचं बीळ. बांगडी वरच्या थरातून त्या बिळातून खाली घसरली होती. त्या दिवसापासून सुंदर वस्तू दिसली की मी आधी तिच्या आजूबाजूची माती बघतो.

आता पॉम्पेई. तिथली मातीच निराळी. इ.स. ७९ मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला. पहिले अठरा-एक तास आकाशातून हलके, सच्छिद्र दगड पडत राहिले, त्यांचा सुमारे तीन मीटर थर साचला, छपरं कोसळली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट डोंगरावरून आले आणि जे मागे राहिले होते ते त्यात गेले. टाकून न दिलेल्या वस्तू तिथं जागच्या जागी सापडतात, हे त्या शहराचं खरं भाग्य. आमचं म्हणजे, शहराचं नव्हे. मोदेस्तुस नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका बेकरीत ऐंशीच्या आसपास पाव भट्टीतच राहिले होते. आपल्या पांढरीत भाकरी सापडायची आशा कुणी करत नाही.

पण यातूनच एक गैरसमज होतो, की पॉम्पेई म्हणजे थांबलेलं घड्याळ. एका साध्या दिवसाचं चित्र. तो दिवस साधा नव्हता, आणि त्याआधीची वर्षंही साधी नव्हती. इ.स. ६२ च्या सुमारास तिथं मोठा भूकंप झाला होता. सतरा वर्षांनी ज्वालामुखी फुटला तेव्हाही कित्येक घरांची डागडुजी चालू होती, खोल्यांत चुन्याचे ढीग होते. पेनेलोपी ॲलिसन या ऑस्ट्रेलियन संशोधिकेनं घराघरांतल्या वस्तूंची जागेनुसार नोंद तपासली, तेव्हा दिसलं की लॅटिन ग्रंथांवरून आपण खोल्यांना जी नावं देतो आणि प्रत्यक्ष खोल्यांत जे सापडतं, त्यांचा मेळ बसत नाही. दिवाणखाना म्हणावा तिथं कपाटं, साठवणीची भांडी, मागाची वजनं. हे भूकंपानंतरच्या अडचणीमुळे, की घरं नेहमी अशीच वापरली जात आणि आपलीच समजूत पुस्तकी, यावर वाद घालता येतो. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. आपल्या वाड्यांत ओसरीवर बैठकही व्हायची आणि शेंगाही वाळायच्या. नकाशावर तिला एकच नाव देणारा माणूस तिथं कधी राहिलेला नसतो.

शिवाय पळताना लोकांनी दागिने, पैसा, दिवे बरोबर नेले. नंतर काहीजण परत आले आणि भिंतींना भोकं पाडून वस्तू काढून नेल्या. १७४८ मध्ये तिथं उत्खनन सुरू झालं ते राजाच्या संग्रहासाठी. चांगली चित्रं भिंतीतून कापून राजवाड्यात गेली. हे शहर पॉम्पेईच आहे, हे एका शिलालेखामुळे नक्की झालं तेच मुळी १७६३ मध्ये. पद्धतशीर काम, शहराचे विभाग पाडून घरांना क्रमांक देणं, हे एकोणिसाव्या शतकात जुझेप्पे फियोरेल्ली यांच्या काळात आलं. म्हणजे ज्या खोलीचं छायाचित्र तुम्ही पाहता, तिच्यातल्या वस्तू तिथंच होत्या का, हे ती खोली कधी उकरली गेली यावर अवलंबून आहे. १७५० ची खोली आणि २०२० ची खोली यांत जमीन-अस्मानाचा फरक.

फियोरेल्लींनीच १८६३ मध्ये ती प्रसिद्ध युक्ती काढली. राखेत शरीर कुजून पोकळी उरलेली असते. तिच्यात प्लास्टर ओतायचं आणि सुकल्यावर बाहेरची राख काढायची. माणूस शेवटच्या क्षणीच्या अवस्थेत समोर उभा राहतो. बघणाऱ्याचा घसा दाटून येतो, माझाही आला होता. अन् घसा दाटला की माणूस गोष्ट रचतो. एका घरात सोन्याचं कडं घातलेली मोठी व्यक्ती आणि तिच्या मांडीवर मूल, असे साचे मिळाले. पन्नासेक वर्षं सगळे म्हणत आले: आई आणि लेकरू. २०२४ मध्ये साच्यांत अडकलेल्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती मोठी व्यक्ती पुरुष निघाली आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. एकमेकींना बिलगलेल्या दोन बहिणी किंवा मायलेकी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जोडीतलीही एक व्यक्ती पुरुष निघाली. यात पुरावा बदलला नाही, हाडं तीच होती. कडं म्हणजे बाई आणि मांडीवर मूल म्हणजे आई, ही भर आपण घातली होती. तो माणूस त्या मुलाचा कोण होता, ते डीएनए सांगत नाही. शेजारी असेल, गुलाम असेल, वाटेत भेटलेला कुणीही असेल.

आणि लिखाण? 'तिथं लिहिलेलं आहे' म्हणून तुम्हाला पॉम्पेई भरवशाचं वाटतं. स्फोटाचं वर्णन धाकटा प्लिनी या रोमन लेखकानं इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत आहे. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता, खाडीपलीकडून पाहत होता आणि त्याचा मामा त्यातच गेला. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठं मिळणार? तरी स्फोटाची तारीख आजही वादात आहे. पत्रांच्या मुख्य हस्तलिखितात २४ ऑगस्ट आहे, पण ती हस्तलिखितं शतकानुशतकं नकलून आलेली. उत्खननात शरद ऋतूतली फळं, शेगड्या, जाड कपड्यांच्या खुणा सापडतात. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद मिळाली आणि वर्तमानपत्रांनी निकाल देऊन टाकला. त्या नोंदीत साल नाही. कोळशाचं लिखाण फार टिकत नाही म्हणून ते त्याच वर्षीचं असावं, हा तर्क चांगला आहे, पण तो तर्कच आहे. शरद ऋतू मला जास्त पटतो, पण पैज लावणार नाही. लिपी असूनही एक तारीख ठरत नाही, हे मुलांना जरूर सांगा. त्यांना आवडेल.

आता कारल. लिमाच्या उत्तरेला, सुपे नदीच्या खोऱ्यात, समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत. योगायोग असा की पॉम्पेई ६६ हेक्टरांत आहे आणि कारलही साधारण तेवढंच. तिथं दगडी पायऱ्या-पायऱ्यांचे मोठे चौथरे आहेत, जमिनीत खोल उतरवलेली गोल प्रांगणं आहेत, आणि मातीचं एकही भांडं नाही. आमच्यासारख्या खापरांवर पोट असणाऱ्यांना हे जरा अपमानास्पदच वाटतं. पेरूच्या पुराविद रूथ शेडी यांनी १९९० च्या दशकात तिथं काम सुरू केलं. तोवर ती टेकाडं माहीत होती, पण भांडी नाहीत, सोनं नाही, म्हणून कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

वय कसं ठरलं ते ऐका, कारण तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर त्यात आहे. हे चौथरे बांधताना आत भराव घालायचा होता. लोक लव्हाळ्यासारख्या गवताच्या जाळीदार पिशव्या विणत, त्यांत दगड भरत आणि पिशवीसकट भरावात ठेवून देत. त्या पिशव्यांना शिक्रा म्हणतात. भूकंपात भराव सरकू नये म्हणून हे केलं असावं, असं मानतात. वाळवंटात त्या पिशव्या टिकल्या. कार्बन-१४ पद्धतीनं (एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूत किरणोत्सारी कार्बन किती उरलाय त्यावरून) वय काढायला यापेक्षा उत्तम नमुना मला कुणी देऊ शकणार नाही. का ते सांगतो. चुलीतला कोळसा दिला तर तो दोनशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्याचा असू शकतो. मग चूल दोनशे वर्षांनी जुनी वाटेल. गवत एका मोसमाचं. कापलं, विणलं, दगड भरले, ठेवलं. सगळं वर्ष-दोन वर्षांत. आणि ते चौथऱ्याच्या पोटात बंद झालेलं, तिथं उंदराचं बीळ नाही. २००१ मध्ये शेडी आणि सहकाऱ्यांनी कारलमधून मिळालेल्या नमुन्यांच्या १८ तारखा प्रसिद्ध केल्या; त्या इ.स.पू. २६२७ ते २०२० या पट्ट्यात आल्या. म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड उभे राहत होते त्याच सुमाराला इथंही बांधकाम चालू होतं. यात कल्पनाविलास कुठंच नाही. गवत मोजलंय.

तसंच खाण्यापिण्याचं. समुद्रापासून इतक्या आत मांदेली आणि तारली जातीच्या माशांची हाडं पोत्यांनी सापडतात, आणि शेतात कापूस. किनाऱ्यावरच्या आस्पेरोसारख्या वस्त्यांत मासे मिळायचे, पण जाळ्यांना सूत लागायचं. कारलचं सूत, किनाऱ्याचे मासे. देवाणघेवाण होत होती, हे मी डोळे मिटून मान्य करीन.

'युद्ध न जाणणारे' हे मात्र नाही. त्यामागचा आधार एवढाच, की कारलमध्ये तटबंदी मिळाली नाही, हत्यारं मिळाली नाहीत, शरीराची चिरफाड दाखवणारी चित्रं नाहीत. न सापडणं हाही पुरावा असतो, पण हलका. दगडाची गोफण आणि लाकडी सोटा घेऊन लढलेली लढाई जमिनीत काय ठेवून जाते? तेव्हा 'लढाईच्या खुणा अजून मिळाल्या नाहीत' इथं थांबलं पाहिजे. माहितीपटवाले थांबत नाहीत, कारण शांतताप्रिय प्राचीन लोक सगळ्यांनाच हवे असतात. 'पुरोहितांचं राज्य' हेही तसंच. इतके मोठे चौथरे बांधून घेणारं कुणीतरी होतं, इतकं पक्कं. ते पुरोहित होते, सरदार होते की गावकीनं मिळून केलं, याला दगड उत्तर देत नाहीत. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीत, पाच खोल्यांचं घर आणि त्यात रांजणात बसवून पुरलेला माणूस सापडला. इतर प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले, याचे शाबूत. तो गावप्रमुख असावा असं म्हणतात आणि मलाही ते पटतं, पण शिकवताना मी 'असावा' हा शब्द कधी गाळला नाही.

पुढच्या काळात पेरूत एक फार देखणं प्रकरण घडलं, ते वगळता येत नाही. उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या पहिल्या सात-आठ शतकांत मोचे लोक होते. त्यांनी मडक्यांवर बारीक रेषांत चित्रं काढली. त्यांतलं एक दृश्य पुन्हा पुन्हा येतं: बांधलेल्या कैद्यांचे गळे कापले जातायत, आणि चंद्रकोरीसारखा मुकुट घातलेल्या व्यक्तीला पेला दिला जातोय. पेला देणाऱ्यांत घुबडासारखा एक पुरुष आहे आणि विशिष्ट तुऱ्यांचा शिरपेच घातलेली एक स्त्री. वर्षानुवर्षं अभ्यासक म्हणत होते, या देवांच्या कथा असतील. १९८७ मध्ये सिपान इथं चोरांनी एक थडगं फोडलं. खबर लागल्यावर पुराविद वॉल्टर आल्वा तिथं पोचले, आणि चोरांच्या खड्ड्याशेजारी त्यांना न फुटलेलं थडगं मिळालं. आतल्या माणसाच्या अंगावर तोच मुकुट, तेच कर्णभूषण, हातात तशीच वस्तू. जवळच दुसरं थडगं, त्यात घुबडाचा शिरपेच आणि पेला. मग १९९१ मध्ये सान होसे दे मोरो इथं त्या स्त्रीचा वेश आणि पेला असलेलं एका बाईचं थडगं. चित्रातली पात्रं कथेतली नव्हती. ती पदं होती, आणि माणसं ती धारण करत होती.

कैद्यांचं काय? १९९५ मध्ये मोचे खोऱ्यातल्या उआका दे ला लूना या मंदिराच्या प्रांगणात सत्तरच्या आसपास पुरुषांचे सांगाडे मिळाले. मानेच्या मणक्यांवर सुरीच्या खुणा. आणि त्यांतले बरेच गाळात रुतलेले. मातीकडे बघा म्हणतो ते यासाठी. त्या वाळवंटात पाऊस जवळजवळ नसतोच. कच्च्या विटांच्या भिंती विरघळून गाळ होतो तो एल निन्योच्या, म्हणजे काही वर्षांनी समुद्र तापला की येणाऱ्या, मोठ्या पावसात. म्हणजे यांतले काही बळी पावसाच्या दिवसांत दिले गेले. इथवर मातीनं सांगितलं. ते पाऊस थांबावा म्हणून दिले का, ही माणसं शेजारच्या खोऱ्यातले शत्रू होती की आपल्याच लोकांतल्या विधीच्या झुंजीत हरलेली, यावर अभ्यासकांत अजून दोन पक्ष आहेत. लिपीशिवाय इथवर येता आलं, हे मला थोडं वाटत नाही.

एक आठवण. त्या मोसमात चाळणीवर बसलो होतो तेव्हा मक्याचं कणीस आलं, पानं अजून चिकटलेली. पाठोपाठ सुताची गुंडी. मी पर्यवेक्षकांना म्हटलं, हे कालच्या मजुराच्या डब्यातलं असणार. ते हसले. हजारेक वर्षं जुनं होतं. आपल्याकडे ताम्रपाषाणयुगातलं सूत पाहायचं तर नेवाशाला तांब्याच्या मण्यांच्या आत अडकलेला दोऱ्याचा तुकडा, तोही तांब्याच्या गंजामुळे वाचलेला. पेरूच्या किनाऱ्यावर कापड गठ्ठ्यांनी मिळतं. पाराकासला १९२७ मध्ये हुलिओ तेल्यो यांनी कापडात गुंडाळलेले चारशेहून अधिक मृतदेह काढले, आणि त्यांतल्या काही शालींचे रंग आजही डोळ्यांत भरतात. तेव्हा टिकण्याच्या बाबतीत पेरू पॉम्पेईपेक्षा गरीब नाही. उलट डोंगराळ, पावसाळी भागात सगळं कुजतं. 'पेरू' म्हणून एक उत्तर देता येत नाही, ते यामुळेच.

'लिपी नव्हती' यालाही एक पुस्ती. स्पॅनिश येण्याआधीच्या इंका राज्यात किपू होते, गाठी मारलेल्या दोऱ्यांचे झुबके. १९१२ मध्ये लेलँड लॉक यांनी दाखवलं की त्यांतल्या बऱ्याच गाठी दशमान पद्धतीतले आकडे आहेत: खालच्या एकं, वरच्या दहं, त्यावर शतं. सांता खोऱ्यातल्या सहा किपूंची १६७० च्या स्पॅनिश करदात्यांच्या यादीशी तुलना झाली आहे. दोऱ्यांच्या गटांची संख्या आणि करदात्यांची संख्या जवळजवळ जुळते. ज्या किपूंत आकडे दिसत नाहीत, त्यांत शब्द आहेत का, हे मात्र अजून उकललेलं नाही.

आणि लिखाण हाताशी असल्यानं इंकांच्या बाबतीत उलट फसगतही झालीय. अँडीज पर्वतातलं माचू पिक्चू हे शहर इंका राजा पाचाकुतीनं बांधलं, आणि स्पॅनिश बखरींच्या हिशेबानं तो १४३८ मध्ये गादीवर आला, म्हणून ते शहर १४४० नंतरचं, असं पुस्तकांत छापलं गेलं. २०२१ मध्ये रिचर्ड बर्गर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २६ माणसांच्या अवशेषांच्या कार्बन तारखा प्रसिद्ध केल्या. वस्ती १४२० च्या सुमारासच होती. बखर विजेत्यांनी, ऐकीव गोष्टींवरून, पुन्हा परक्या भाषेत लिहिलेली; वीस वर्षांची चूक म्हणजे फार नव्हे. (अशा तारखांतही मेख असते. फक्त मासे खाणाऱ्या माणसाचं हाड त्याच्या खऱ्या वयापेक्षा कित्येक शतकं जुनं दिसू शकतं, कारण समुद्रातला कार्बन आधीच जुना असतो. माचू पिक्चूचे लोक मुख्यतः मका खाणारे, म्हणून तिथं ही अडचण लहान.) तिथंच १९११ नंतर हायरम बिंगहॅम यांच्या मोहिमेनं सांगाडे तपासून म्हटलं, जवळपास सगळ्या बायका आहेत, आणि लगेच 'सूर्यकन्यांचा मठ' ही कथा जन्माला आली. पुढं तीच हाडं पुन्हा तपासली तर स्त्री-पुरुष दोन्ही, आणि मुलंही. अँडीजमधली माणसं बांध्यानं लहान, त्यामुळे पुरुषांची हाडं बायकांची वाटली होती. पॉम्पेईच्या कड्याची आणि या सूर्यकन्यांची चूक एकच आहे बघा.

एक गोष्ट मात्र खरीच पॉम्पेईच्या बाजूची आहे: तिथं लूट तुलनेनं कमी झाली. पेरूत थडगी उकरणाऱ्यांना उआकेरो म्हणतात, आणि किनाऱ्यावरची काही टेकाडं विमानातून देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखी दिसतात. संग्रहालयांतली कित्येक मोचे मडकी अशीच, कुठून आली याचा पत्ता नसलेली. मडकं सुंदरच असतं, पण ते कोणत्या थरातून, कुणाच्या उशाशी होतं, हे गेलं ते गेलं. आपण नावं ठेवायला नकोत. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून ट्रॅक्टरनं नेलेली टेकाडं मी आपल्याच तालुक्यांतून पाहिलीत.

तर मुलांसमोर उभं राहताना 'पॉम्पेई खरं, पेरू खोटं' असं न म्हणता फळ्यावर एकेक वाक्य लिहा आणि विचारा, हे कशावरून? 'कारलचे चौथरे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे': गवताच्या पिशव्यांवरून. पक्कं. 'कारलचे लोक शांतताप्रिय': हत्यारं मिळाली नाहीत म्हणून. कच्चं. 'पॉम्पेईतली आई आणि मूल': कडं आणि मांडी. गेलं. 'मोचे लोकांत नरबळी होता': चित्रं, थडगी आणि मणक्यांवरच्या खुणा, तीन वाटांनी येऊन एकाच ठिकाणी पोचलेलं. पक्कं.

राहिली लक्ष्मी. तिलाही याच कसोटीवर घासू. १९३८ मध्ये आमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात, पॉम्पेईच्या मोठ्या रस्त्याजवळच्या एका घरात ती मिळाली; सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंच, हस्तिदंती, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती राखेखाली होती, म्हणजे इ.स. ७९ च्या आधी भारतातून तिथं पोचली होती. याहून पक्की 'या तारखेच्या आधी' जगात क्वचितच मिळते, आणि भारतातल्या हस्तिदंती कामाचं वय ठरवताना आम्ही त्या ज्वालामुखीचे ऋणी आहोत. ती लक्ष्मी आहे का? हातात कमळ नाही, हत्ती नाहीत. बहुतेक अभ्यासक आता यक्षी म्हणतात. ती देवपूजेची मूर्तीही नसावी. वरून आत खोल भोक आहे, म्हणजे एखाद्या आरशाची मूठ किंवा लहान चौरंगाचा पाय. ती तेरची आहे का? तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत, भोकरदनची तर फारच जवळची. त्यामुळे 'दख्खनची असावी' म्हणायला चांगला आधार आहे. पण तिच्या तळाशी एक अक्षर कोरलंय आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे. खरोष्ठी वायव्येकडची, गांधाराकडची लिपी. आपल्याकडे तेव्हा ब्राह्मी चालायची. ते अक्षर कारागिरानं कोरलं, की वाटेतल्या व्यापाऱ्यानं भाग जुळवताना खूण म्हणून घातलं?

तेरच्या लामतुरे संग्रहालयात मुलांची सहल न्या आणि तिथल्या हस्तिदंती बाईसमोर त्यांना उभं करा. नेपल्सच्या मूर्तीचं छायाचित्र सोबत असू द्या, तळाच्या अक्षरासकट. दोघींत काय जुळतं आणि काय जुळत नाही, ते त्यांनाच वहीत लिहू द्या. 'आपली आहे' असं आधी सांगू नका.